आपत्ती, अनुकंपा आणि हिशेब : वर्ध्याच्या मदतकार्याचा मागोवा

दुष्काळाची आणि दानाची गोष्ट निघाली की जैन घरांत पहिले नाव येते ते कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशांचे. विक्रमाच्या चौदाव्या शतकाच्या आरंभी, संवत १३१३ ते १३१५ या काळात पश्चिम भारतात सलग दुष्काळ पडला, तेव्हा या श्रीमाळी व्यापाऱ्याने आपली धान्याची कोठारे रंकासाठी तशीच रावासाठी खुली केली. सर्वानंदसूरींनी त्यांच्यावर ‘जगडूचरित’ रचले म्हणून ती हकीकत टिकली. परंपरा असे सांगते की, कोठारांत ताम्रपट ठेवलेले होते आणि हे धान्य गरिबांचे आहे, असे त्यांवर आधीच कोरलेले होते. आपण ही कथा औदार्याचा नमुना म्हणून सांगतो. प्रस्तुत लेखकास तिच्यातील दुसरा धागा अधिक मोलाचा वाटतो. धान्य दुष्काळापूर्वीच बाजूला काढलेले होते आणि ते कोणाचे, हे लिहून ठेवलेले होते.

आपल्या वर्धा जिल्ह्यातील आपत्काळाचा आणि मदतकार्याचा इतिहास शोधू जाता नेमकी याच गोष्टीची उणीव जाणवते. संस्थांच्या जुन्या अहवालांत देणगीदारांच्या याद्या सापडतात, भिंतींवर संगमरवरी फलक सापडतात. घेणारा कोण होता, त्याला काय मिळाले, ते त्याच्या उपयोगी पडले की नाही, याविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. तरीही या जिल्ह्याचा मदतकार्याशी असलेला संबंध लहान नाही. तो जितका हाती लागतो तितका येथे मांडला आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ज्याचे नाव भीतीने घेतले तो छप्पनचा दुष्काळ. संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९००. मारवाडातून विदर्भात आलेल्या कुटुंबांत त्याला ‘छप्पनिया’ म्हणत. तिकडे अन्न, पाणी आणि चारा या तिन्हींचा काळ पडला, म्हणून त्याला त्रिकाळही म्हटले गेले. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. काळी कसदार जमीन, कापसाचा पैसा आणि रेल्वे यांमुळे हा जिल्हा सुखवस्तू समजला जाई. १८९६-९७ च्या दुष्काळाची झळ त्याला इतर जिल्ह्यांच्या मानाने कमी लागली होती. १८९९ मध्ये मात्र पाऊस असा रुसला की कापूसही गेला आणि ज्वारीही गेली. १८९१ साली सुमारे चार लाख असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ३ लाख ८५ हजारांवर आली. या एका आकड्यात किती घरांची चूल विझली असेल, याची कल्पना करावी.

त्या काळच्या मदतीचे स्वरूप आज विसरले गेले आहे. सरकार खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे काढी. जे काम करू शकत नसत त्यांच्यासाठी गावोगावी अन्नछत्रे चालवली जात आणि मध्य प्रांतात अशा अन्नछत्रांवर विशेष भर होता. त्याखेरीज भारतभर देणग्या गोळा करून एक धर्मादाय दुष्काळ निधी उभारला गेला. त्याची उद्दिष्टे चार होती : सरकारी शिध्यापलीकडचे कपडे व आजाऱ्यांसाठी जादा अन्न, अनाथ मुलांचा सांभाळ, मागण्यास लाजणाऱ्या अब्रूदार गरिबांना गुप्त साहाय्य आणि दुष्काळ सरल्यावर शेतकऱ्याला पुन्हा उभे करण्यासाठी बैल व बियाणे. पैशाचा सर्वांत मोठा वाटा या चौथ्या कामी खर्च झाला. पाऊस पडला तरी ज्याच्या दावणीला बैल नाही त्याचा दुष्काळ संपत नाही, हे त्या काळच्या व्यवस्थापकांना नीट उमगले होते. पुढील शंभर वर्षांतल्या पुष्कळ मदतकर्त्यांना ते उमगले नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही नमूद करावयास हवी. दुष्काळात अन्नदान करणारे आणि दुष्काळापूर्वी कर्ज देणारे हात अनेकदा एकच होते. सावकारी हा आपल्या समाजाचा त्या काळचा एक प्रमुख व्यवसाय होता आणि दुष्काळानंतर गहाण जमिनी सावकारांकडे गेल्या, हा साऱ्या प्रांताचा अनुभव आहे. ती तक्रार इतकी जुनी व खोल होती की, १९३३ साली मध्य प्रांतात कर्जसमझोत्याचा कायदा करावा लागला. पूर्वजांचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या वहीत व्याज मांडले गेले त्याच वहीत सदावर्ताचा खर्चही मांडला गेला, आणि दोन्ही खरे होते.

वर्ध्याचे नाव देशाच्या मदतकार्याच्या इतिहासात कायमचे जोडले गेले ते मात्र वर्ध्यापासून शेकडो कोस दूर घडलेल्या आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा ही शहरे काही मिनिटांत ढिगारा झाली. दोन्ही देश मिळून दहा हजारांहून अधिक माणसे गेली. जमिनीला भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू उसळली. मैलोन्‌मैल शेतांवर वाळूचा थर बसला, विहिरी वाळूने भरून गेल्या. साखर कारखाने मोडले आणि तोडणीला आलेला ऊस शेतातच उभा राहिला. म्हणजे घर गेले, पाणी गेले आणि हातचे पीक असूनही पैसा गेला.

राजेंद्रबाबू त्या वेळी कैदेत व आजारी होते. भूकंपानंतर दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बिहार मध्यवर्ती साहाय्य समिती उभी राहिली. व्हाइसरॉयांचा निधी वेगळा होता. कायदेभंगाच्या चळवळीतून नुकतेच तुरुंगाबाहेर आलेले कार्यकर्ते आणि त्यांना तुरुंगात घालणारे सरकार, दोघांनाही एकाच मोडक्या गावात काम करावयाचे होते. १९३४ च्या मार्चमध्ये पाटण्याच्या बैठकीत गांधीजींनी सरकारशी सहकार्य करण्याचा ठराव मांडला. अनेकांना तो रुचला नाही. परंतु ढिगाऱ्याखालच्या माणसाला आपल्याला बाहेर काढणारा कोणत्या पक्षाचा, हे विचारण्याची सवड नसते.

या कामासाठी वर्ध्याहून शेठ जमनालालजी बजाज बिहारमध्ये गेले. जमनालालजी जन्माने वैष्णव अग्रवाल. सीकरजवळच्या काशी का बास येथे १८८९ साली जन्मलेले आणि वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घराण्यात दत्तक आलेले. व्यापाऱ्याची नजर त्यांनी सार्वजनिक कामात कधी बाजूला ठेवली नाही. देशभरातून पैसा, धान्य, कांबळी, औषधे येऊ लागली होती. केंद्रे अनेक, कार्यकर्ते शेकडो, आणि त्यांतले बहुतेक हिशेबाच्या बाबतीत नवशिके. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा गोंधळात वाहून जाईल, ही भीती जमनालालजींना वाटली. त्यांनी आग्रह धरून जे. सी. कुमारप्पा यांना आर्थिक सल्लागार म्हणून तेथे आणवले.

कुमारप्पा तंजावरचे, धर्माने ख्रिस्ती, लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार शिकलेले. १९२९ साली ते गांधीजींना भेटले व त्यांचेच झाले. बिहारमध्ये त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, प्रत्येक केंद्राला ठरावीक नमुन्यात हिशेब ठेवणे भाग पाडले आणि कार्यकर्त्याच्या जेवणाखाणाच्या खर्चाला दिवसाला तीन आण्यांची मर्यादा घातली. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, त्यावर कार्यकर्त्यांची चैन चालणार नाही, असे त्यांचे रोखठोक म्हणणे होते.

यानंतरची हकीकत गांधी-परिवारात पुष्कळदा सांगितली गेली आहे. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले. त्यांच्या आहारात दूध व फळे असत. बरोबरच्या माणसांचा व मोटारीचा खर्च होताच. कुमारप्पांनी महादेवभाईंना कळवून टाकले की, हा खर्च तीन आण्यांच्या नियमात बसत नाही, तो साहाय्य निधीतून मिळणार नाही. गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी कुमारप्पांना बोलावून कारण विचारले, ऐकून घेतले आणि ते मान्य केले. आणखी एकदा गांधीजींनी भेटीस बोलावले असता, आपण हिशेबात गुंतलो आहोत व भेटीची वेळ आधी ठरलेली नाही, असे उत्तर कुमारप्पांनी पाठवल्याचेही सांगतात. आपल्यापैकी किती विश्वस्त आपल्या संस्थेच्या मुनिमाकडून असे उत्तर ऐकून घेतील?

बिहारमधील कामाचा दुसरा विशेष म्हणजे काम आणि मदत यांची सांगड. धडधाकट माणसाने फुकटचे घेऊ नये, विहिरी उपसाव्यात, शेतातली वाळू काढावी आणि मजुरी घ्यावी, यावर गांधीजींचा भर होता. यात कठोरपणा आहे असे म्हणता येईल. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी कोणालाही कुदळ हाती देणे हे क्रौर्यच ठरेल; परंतु तिसऱ्या महिन्यातही पंगतीत बसवून ठेवणे हे त्याहून वाईट. पहिल्या दिवसांचे अन्नदान आणि नंतरच्या महिन्यांचे काम, या दोहोंची सीमा ओळखणे हीच मदतकार्यातली अवघड विद्या आहे.

त्या वर्षी आणखी एक वाद झाला आणि तो आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे. गांधीजींची हरिजन यात्रा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्यातूनच सुरू झाली होती व ते तेव्हा दक्षिणेत होते. बिहारचा भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी याला तीव्र हरकत घेतली. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते आणि लोकांच्या मनात असा विचार रुजवणे घातक आहे, असा त्यांचा आशय होता. गांधीजींनी रवींद्रनाथांचे पत्र आपल्या ‘हरिजन’मध्ये छापले व आपले मत कायम ठेवले. या वादात प्रस्तुत लेखकाचा कौल रवींद्रनाथांकडे आहे. अस्पृश्यता हे पाप खरेच. पण मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्य मानले गेलेलेही होतेच. आपल्यातही कधी कधी ऐकू येते की, ज्याचे त्याचे कर्म, आपण काय करणार? कर्मसिद्धान्ताचा हा आळशी उपयोग आहे. शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य ही सम्यक्त्वाची पाच लक्षणे आपल्या आचार्यांनी सांगितली. दुसऱ्याच्या दुःखाने ज्याचे मन कंप पावत नाही, त्याला कर्मसिद्धान्त कळला असे आपली परंपराच मानत नाही. कर्माचा विचार स्वतःच्या दुःखाविषयी करावा, शेजाऱ्याच्या नव्हे.

बिहारचे काम ओसरले आणि त्याचे फळ वर्ध्याच्या पदरात पडले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. श्रीकृष्णदासजी जाजू त्याचे अध्यक्ष आणि कुमारप्पा कार्यवाह. जमनालालजींनी आपली बाग व इमारत दिली, तिचे नाव मगनवाडी झाले. तेथील मगन संग्रहालय आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला माणूस वर्ध्याशी जोडला जाण्यात भूकंपनिधीच्या हिशेबाचाही वाटा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता आपल्या नदीकडे येऊ. वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि नागपूर जिल्ह्याच्या कडेने येऊन आपल्या आष्टी, आर्वी, देवळी, हिंगणघाट तालुक्यांची सीमा धरून वाहते. ३० जुलै १९९१ रोजी या नदीला आलेल्या महापुराने नरखेड तालुक्यातील मोवाड गाव बुडवले. दोनशेहून अधिक माणसे एका दिवसात गेली. पुढे गाव उंच जागी वसवले गेले. मोवाड आपल्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आहे, परंतु नदी हद्द पाळत नाही आणि आर्वी-आष्टीकडील सोयरसंबंधही पाळत नाहीत.

पुराचे नुकसान भूकंपासारखे डोळ्यांत भरत नाही. पाणी ओसरले की घर उभे दिसते, पण आत पेवातले धान्य कुजलेले असते, मातीची भिंत आठ दिवसांनी बसते. नदीकाठची काळी माती खरडून जाते आणि खाली मुरूम उघडा पडतो. ते शेत एका हंगामात नव्हे, पिढीत भरून येत नाही. दावणीला बांधलेली जनावरे तशीच बुडतात. माणूस झाडावर चढतो, पण रात्री गोठ्याकडे जाऊन दावे सोडण्याची सवड सर्वांना मिळत नाही. जीवदयेला वाहिलेल्या आपल्या समाजाने याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. पूर येण्याची सूचना मिळताच जनावरे सोडून उंचावर नेणे आणि पुढचा महिनाभर चारा पुरवणे यांत जितके जीव वाचतात, तितके नंतरच्या कोणत्याही खर्चाने वाचत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याने पाहिली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आपल्या दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व त्याच दिवशी पूर्ण झाले होते व क्षमावणीची तयारी चालू होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर कोसळल्या. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यानंतर महाराष्ट्रातून मदतीचा जो लोंढा गेला त्यात जैन समाज अग्रभागी होता, आणि त्यातील एक काम वेगळे ठरले. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली; वाघोलीचे शैक्षणिक संकुल त्यातूनच उभे राहिले. या मुलांत जैन किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आणि विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली. कांबळे वर्षभर टिकते. दहा-बारा वर्षे मुलाला शिकवायचे म्हणजे तितकी वर्षे देणगीदारांचे मन टिकवायचे, आणि वर्तमानपत्रांतून भूकंपाची बातमी नाहीशी झाल्यावर ते सोपे राहत नाही. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर याच संघटनेने ३६८ शाळा सुमारे तीन महिन्यांत उभारल्या.

याउलट उदाहरणेही आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्याला जाळे आणि होडी हवी होती. देशाने त्याला जुने कोट पाठवले. घरातली अडगळ काढणे आणि दान करणे यांत अंतर आहे.

विश्वस्त मंडळींच्या दृष्टीने खरा अडचणीचा मुद्दा खात्यांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या श्वेतांबर परंपरेत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया, अनुकंपा अशी खाती वेगळी असतात आणि वरच्या क्षेत्राचे द्रव्य खालच्या कामी वापरता येत नाही. दिगंबर परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय हे दानाचे चार प्रकार मानले, पण मंदिराच्या निधीचे बंधन तेथेही आहेच. शिवाय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार न्यासाचा पैसा न्यासपत्रातील उद्देशांसाठीच खर्च करावा लागतो. परिणाम असा की, महापुराच्या रात्री संस्थेच्या एका खात्यात लाखो रुपये शिल्लक असतात आणि ज्या खात्यातून गुळ-चणे विकत घ्यायचे त्यात काहीच नसते. मग वर्गणीसाठी घरोघर फिरावे लागते, आणि ती जमेपर्यंत पाणी ओसरलेले असते. काही तरुण यावर देवद्रव्यालाच हात घालावा असे म्हणतात. ते योग्य नव्हे. देणाऱ्याने ज्या हेतूने दिले तो हेतू मोडणे हा विश्वासघात आहे आणि कुमारप्पांनीही तो मान्य केला नसता. उपाय दुसऱ्या बाजूला आहे. पर्युषणातील व दशलक्षणातील बोल्यांच्या उत्साहाचा काही भाग अनुकंपेच्या खात्याकडे वळवावा, तो वर्षानुवर्षे साठू द्यावा आणि न्यासपत्रात आपत्ती-साहाय्याचा उद्देश नसेल तर रीतसर बदल करून घ्यावा. जगडूशांच्या कोठारातील ताम्रपट म्हणजे तरी दुसरे काय होते?

२०२२ च्या जुलैत अतिवृष्टीने आपल्या जिल्ह्याला पुन्हा गाठले. हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांत नदी-नाल्यांचे पाणी वस्त्यांत शिरले, कुटुंबांना सुरक्षित जागी हलवावे लागले, कपाशी व सोयाबीनची शेते पाण्याखाली गेली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. बचावाच्या बोटी, पंचनामे, सानुग्रह अनुदान ही त्यांची कामे. धर्मादाय संस्थेने त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. पंचनाम्यात न बसणारी माणसे कोण, हे तलाठ्याकडील यादी शेजारी ठेवून पाहावे : ज्यांच्या नावावर सातबारा नाही असे ठेक्याने शेती करणारे, नदीकाठच्या जागेवर झोपडी असलेले मजूर, शिलाई यंत्र किंवा भाजीची गाडी वाहून गेलेली विधवा. छप्पनच्या दुष्काळातील निधीचे तिसरे उद्दिष्ट, मागण्यास लाजणाऱ्यांना न मागता देणे, यांच्यासाठीच होते. अशांची नोंद गुप्त राखूनही ठेवता येते. नाव झाकून दिनांक, गाव, वस्तू आणि रक्कम एवढे लिहिले तरी पुरे. बिहारमध्ये प्रत्येक केंद्राकडून जो नमुना भरून घेतला जाई, तो याहून फारसा लांब नसावा.